चौगुले सरांचं ऑपरेशन

चौगुले सर आलेला पेशंट पळवून लावतात, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. त्यांच्याकडं येणाऱ्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली असायची. ती फुटली तर माणूस हातचा जायचा. पोट उघडून ती बदलण्यात सरांचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता. पुढं जांघेतून तार सरकवून आतूनच अस्तर बसवायची पद्धत आली. पन्नाशी उलटल्यावर सर पुण्याला जाऊन तीही शिकले. तरी गडमुडशिंगीच्या एका म्हाताऱ्याच्या मुलाला म्हणाले, “पावणं, पोट फाडायचं असंल तर मी हाय. तारेच्या कामावर माझा हात अजून बसल्याला न्हाय. वडलांना पुण्याला न्हेवा.”

मी त्यांची विद्यार्थिनी. चिडून विचारायची, “अशानं हात बसणार कधी, सर?”

“दुसऱ्याच्या बापावर न्हाय,” एवढंच म्हणायचे.

पेशंट पुण्याला जात राहिले. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रिकाम्या ओपीडीत चहा घेऊन बसायचे आणि मी उठले की म्हणायचे, “बस की गं, कसली घाई हाय?” मला त्यांचं वाईट वाटायचं, रागही यायचा.

मग एकदा सरांच्या स्वतःच्याच पोटाच्या सोनोग्राफीत तशीच फुगलेली रक्तवाहिनी दिसली. मीही तोवर पुण्यात हे तारेचं काम शिकले होते, पण तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली; स्वतः कधी केलं नव्हतं. म्हटलं, “गाडी काढते, पुण्याला जाऊ.”

“मी न्हाय जायाचा. तू कर. पुण्याच्या डॉक्टरांना शेजारी उभं कर. कुणावर तरी शिकायला पायजेच की. माझ्या मागं रडणारं कोण न्हाय.”

“मी आहे की, सर.”

“तू डॉक्टर हायस. तू तार धर.”

शेवटी पुण्याचे डॉक्टर आले आणि ऑपरेशन मीच केलं. मध्येच तार अडली. मी जोर लावणार तोच पुण्याच्या डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. “मागं घे. थोडी फिरव. आता जाऊ दे.” तार सुळकन गेली, अस्तर नीट बसलं. हे कुठल्या पुस्तकात वाचून मला आलं नसतं.

मास्क काढून मी सवयीनं नातेवाइकांना सांगायला बाहेर आले. बाकडं रिकामं होतं. 

आत गेले. सर नुकते शुद्धीवर आले होते. “बाहेर कुणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“कुणी नव्हतं, सर.”

“मग मला सांग की.”

मी स्टूल ओढून बसले आणि नातेवाइकांना सांगते तसं सगळं पहिल्यापासून सांगितलं.