चंद्राबाईच्या अर्ध्या गोळीची सुनावणी

चंद्राबाई ठोंबरेला डॉक्टरांनी अफूपासून बनलेलं औषध लिहून दिलं, तेव्हा ती बावीस वर्षं गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष होती. चौक गावाच्या आसपासच्या ओढ्यांत तिनं हातभट्टीची इतकी पिंपं उलटी केली होती, की एका साली तिथले खेकडे तिरके चालायचं विसरून सरळ चालायला लागले, असं लोक सांगत.

स्वतः ती विडीला शिवली नव्हती. मिश्रीसुद्धा लावली नाही कधी. पण तीस वर्षं तिनं हायवेवरच्या एका ढाब्यावर लाकडाच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजल्या, आणि तेवढा धूर छातीत घेतला. फुप्फुसं पार कामातून गेली. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे जावं, तर पहिला प्रश्न, "आजी, विडी किती ओढता?" त्या प्रश्नानं ती अशी भडके की धाप लागे, आणि डॉक्टर मान हलवून तीच धाप कागदावर लिहून घेई.

पंप झाले, वाफ झाली, श्वासाचे व्यायाम झाले. तरी मोरीपासून पडवीपर्यंत यायला ती दोनदा बसायची. तीन शब्द बोलली की चौथ्यासाठी थांबायची.

शेवटी मुलगा मनोज तिला कर्जतला डॉ. प्रमोदिनी गुप्तेंकडे घेऊन गेला. बाईंनी सगळे कागद वाचले, पंप कसा ओढते ते करून दाखवायला लावलं, आणि म्हणाल्या, "आजी, फुप्फुसं आता सुधारणार नाहीत, खोटं सांगत नाही. पण गुदमरल्याची जी जाणीव होते, ती एका गोळीनं काहींना कमी होते. सगळ्यांना होतेच असं नाही. मात्रा अगदी थोडी, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. गुण नाही आला तर बंद करू."

"कशाची... गोळी?"

"मॉर्फिनची. अफूपासून बनतं ते."

चंद्राबाई ताडकन उठली. तरातरा निघून जायचं तिच्या मनात होतं, पण रागानं निघून जायलाही दम लागतो. दारापर्यंत पोचून ती तिथल्या बाकड्यावर टेकली. उरलेल्या सूचना मनोजनं ऐकल्या. गोळ्या कुलपात ठेवायच्या, आपल्या मनानं वाढवायच्या नाहीत, फार गुंगी आली तर लगेच फोन करायचा, आणि पोट साफ राहायला सोबतचं पातळ औषध रोज घ्यायचं.

घरी आल्यावर गोळी काही तिच्या तोंडात जाईना.

"आई, डॉक्टरनं दिलीय ना?" सून समीक्षा म्हणाली.

"मंडळ... ठरवील," चंद्राबाई म्हणाली, आणि मंडळाची सेक्रेटरी छाया हिला बोलावून तिनं स्वतःविरुद्ध तक्रार लिहून घेतली.

रविवारी समाजमंदिरात सभा भरली. मंडळाचा नियम चौथा असा होता, की घरात नशेची वस्तू सापडली तर ती चारचौघांदेखत ओढ्यात ओतायची, आणि बाळगणाऱ्यानं मारुतीपुढे नाक घासायचं. पण अध्यक्ष कोण होणार? बावीस वर्षांत त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलंच नव्हतं. तेव्हा चंद्राबाईनंच खुर्चीत बसून तक्रार वाचली, मग उठून समोरच्या स्टुलावर आरोपी म्हणून बसली, "कबूल" म्हणाली, आणि परत खुर्चीकडे निघाली. तिसऱ्या फेरीला तिचे ओठ निळसर दिसायला लागले. छायानं मुकाट्यानं स्टूल उचलून खुर्चीला खेटून ठेवलं, म्हणजे नुसतं सरकलं की झालं.

"आवो पन ही नशा हाय का औषध, ते घेतल्याबिगर कसं कलंल?" समीक्षा म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. पण नशा ओळखणार कोण? मंडळात सगळ्या निर्व्यसनी. मग जाणकार म्हणून गजाला बोलावणं गेलं. गजाची भट्टी चंद्राबाईनं तीनदा फोडली होती. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. एवढा मान त्याला गावात कधीच मिळाला नव्हता.

सगळ्यांसमोर चंद्राबाईनं अर्धी गोळी गिळली. गजा समोर मांडी घालून बसला.

"वैनी, मी कोन?"

"चोर."

"बराबर," गजानं छायाला सांगितलं. "लिवून घे."

पाऊण तास गेला. गजा तिचे डोळे बघे, हात पुढे करायला लावी, फरशीच्या रेघेवर दोन पावलं टाकायला लावी. बाया श्वास रोखून बसल्या होत्या. मग चंद्राबाई एकाएकी म्हणाली, "गजा, मेल्या, बारा सालांमागं गौरीच्या दुसऱ्या दिवशी तू पिंप गोठ्यात शेनाखाली पुरून वर म्हैस बांधली हुतीस, ती बिचारी म्हैस वासानं दोन दिवस झिंगत हुती, ते मी इसरले वाटलं का तुला?"

 एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून तीन वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

गजा उठून उभा राहिला. "ही नशा नाय. नशेत मानूस आपलं बी इसरतो नि दुसऱ्याचं बी. हिला माजी म्हैस याद हाय."

छाया जवळ सरकली. "काकी, कसं वाटतंय?"

चंद्राबाईनं एक श्वास घेऊन बघितला. "दम हायेच गं. पन पान्यात कुनी डोकं दाबून धरल्यावानी वाटायचं ना, त्यो हात जरा सैल झालाय."

तीन वर्षं ही बाई असं बुडत होती, हे त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं. छायानं पदर डोळ्यांना लावला आणि गोळी नशा नसून औषध आहे, असा ठराव लिहिला.

पाचव्या दिवशी मनोजचा कर्जतला फोन गेला. आईचं पोट दगड झालं होतं.

"पातळ औषध घेतायत ना त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय बाई. ठरावात त्याचं नाव नव्हतं."

 डॉक्टरबाईंनी पातळ औषधाचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं. त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरून जुलाबाचं औषध एकमतानं मंजूर झालं. गजा न बोलावता आला होता. या विषयातला आपल्याला अनुभव नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि चहा पिऊन गेला.

महिन्यानं डॉक्टरांनी तपासलं. फुप्फुसं होती तशीच. गोळीही अर्धीच राहिली. पण चंद्राबाई आता मोरीपासून पडवीपर्यंत न बसता येत होती, आणि दम लागला तरी घाबरून कुणाचा हात धरत नव्हती.

वैशाखात छायाच्या मुलीचं, अक्षदाचं, लग्न खालापूरला निघालं. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळ्यांनी समजावलं. चंद्राबाई घडीचं स्टूल घेऊन गेली. खालीच कुणीतरी मुठीत अक्षता दिल्या. चार ठिकाणी स्टूल मांडून, वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला कुणाचा कोण ते विचारत, ती चढली. पाऊण तास लागला. वर पोचली तेव्हा मंगलाष्टकं संपून पंगत बसली होती आणि नवरानवरी जिलेबी खात होती. चंद्राबाई सरळ त्यांच्या पाटापाशी गेली, घामानं मुठीत चिकटलेल्या अक्षता सोडवून दोघांच्या डोक्यावर टाकल्या, आणि म्हणाली, "सरका, मला बी भूक लागलीय."