ओटीचा नारळ

देवीवरचा विश्वास माझा उडाला नाही, पण तिच्याशी अबोला मात्र मी पुष्कळ वर्षं धरला. दोन मुलींनंतर तिसरीही मुलगीच असं कळलं, आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून मला इथल्याच, पनवेलच्या एका दवाखान्यात नेलं. सही ह्यांनी केली. पुढे त्या पोरीचा विषय घरात कुणी काढला नाही. एकदा तरी ह्यांनी बोलावं, एवढंच माझं मागणं होतं.

गेल्या वर्षी ह्यांच्या सत्संगातल्या पुरुषांनी गर्भपाताविरुद्ध उभं राहायचं ठरवलं. सकाळची पूजा आटोपली की दवाखान्याबाहेर फलक घेऊन उभे, आणि येणाऱ्या बाईच्या हाती ओटीचा नारळ, "मूल ठेव" म्हणून. मी म्हटलं, "अहो, ओटी बाईनं भरायची. तुम्ही पुरुष कसली भरताय?" तर म्हणे, "तुला नाही कळायचं." फार कडवट व्हायचं बघा मन. स्वतःच्या घरातलं ह्यांना आठवत कसं नाही?

एक दिवस हे रक्तदाबाची गोळी विसरले, ती द्यायला मी गेले. तेवढ्यात नेरे गावाकडची, वीटभट्टीवर काम करणारी एक बाई रिक्षातून उतरली. सातवा महिना तरी असेल. ह्यांनी नारळ पुढे केला.

"बाबा, पोर पोटातच गेलंय माजं. काल कळलं. ह्यो नारळ आता कुनासाटी?"

ह्यांनी फलक भिंतीला टेकवला आणि पायरीवरच बसले. "माझी पण एक गेली गं. मीच सही केली," म्हणाले. मला नाही, त्या परक्या बाईला. मी गोळी हातात धरून मागेच उभी.

ती म्हणाली, "मग रडा की. पन आदी आत कुनी येता का? मालक भट्टीवर हाय, माज्यासंगं कुनी नाय."

तिचा हात धरून मी आत गेले. दुपारी बाहेर आले तर हे तिथंच, नारळ मांडीवर घेऊन.

संध्याकाळी म्हणाले, "एकीला जरी थांबवलं, तरी ती सही पुसली जाईल असं वाटायचं." सत्संगातल्या बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. एकाला मूलबाळ नाही, एकाची खरंच श्रद्धा आहे की जीव देवाचा. ज्याचं त्याचं वेगळं असणार. आता हे फलक घेत नाहीत. दवाखान्यात कुणी एकटी आली तर मी तिच्याबरोबर आत जाऊन बसते.

त्या भट्टीवरच्या बाईच्या दुःखातून माझं मागणं पुरं झालं, हे अजून बोचतं मला. पण ह्यांनी कुणापुढे, कधी बोलावं, हे ठरवणारी मी कोण? ते देवीवर सोडलं, आणि अबोलाही सोडला.

तो नारळ आम्ही दोघांनी गाढी नदीत सोडला. आमच्या तिसरीला आम्ही पहिल्यांदाच काही दिलं.