ऊन उतरेपर्यंत

आज दुपारी कामावरून थकून आली, तं खिडकीतल्या मोगऱ्यानं मान टाकलेली! पानी घालाले तांब्या उचलला अन् थांबलीच मी. लहानपणचं दिग्रसच्या घराचं परस आठवलं.

पावसाळ्यात मी पहिल्यांदाच लावलेला दोडक्याचा वेल ऑक्टोबरच्या उन्हात पार लोळला होता. कापूस वेचून आलेली आई नुकतीच आडवी झालती. मी तिले हलवून उठवलं, "आई वं, माहा वेल मेला!"

ती डोळे चोळत बाहेर आली, पान उचलून पाह्यलं. "मेला नाही, थकला थो. आता पानी नको टाकू. ऊन उतरलं का उठते आपोआप."

संध्याकाळी वेल खरंच ताठ! मी नुसती नाचत सुटली.

वेलाले आम्ही ऊन उतरेपर्यंत पडू दिलं. आईले मात्र मी भर दुपारी उठवलं, अन् त्या दिवशी ती परत आडवी झालीच नाही.