चेसीला बसेल अशी बॉडी

त्या दिवसांत वडील माझ्याशी आईच्या मार्फत बोलत. आम्ही समोरासमोर जेवायला बसलेलो असू, मिठाची वाटी माझ्या पुढ्यात असे, आणि ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "अवं, त्याले सांग, मीठ इकडं सरकव म्हणा." आई आतूनच ओरडायची, "बहिरा नाही तो, ऐकलं त्यानं!" मी मीठ सरकवायचो. सात महिने आमच्या घरात हा कारभार चालला.

कारण मी होतो. मी त्यांची गाडी काढून घेतली होती. वडिलांनी सव्वीस वर्षं चिखली-अमडापूर-उंद्री अशी काळीपिवळी चालवली. नऊ सीटच्या जीपमध्ये सोळा माणसं, पुढे ड्रायव्हरसकट पाच, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. एवढ्या वर्षांत गाडी एकदा पलटी झाली नाही की कुणाला खरचटलं नाही. मग साखरेनं त्यांच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले. माझं चिखलीत चष्म्याचं दुकान आहे, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांत आधी मला कळायला हवी होती. ती सगळ्यांत शेवटी कळली, कारण या गृहस्थांनी माझ्या दुकानातला अक्षरांचा तक्ताच पाठ करून ठेवला होता. दर तपासणीला खुर्चीत ऐटीत बसून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवत, आणि मी मूर्खासारखा खूश होई. एक दिवस मी नवा तक्ता लावला. वडिलांनी नव्या तक्त्याकडे पाहत जुना म्हणून दाखवला, तोही एका अक्षराची चूक न करता.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता चष्म्यानं काही व्हायचं नाही आणि गाडीचं तर नावही काढू नका. मी घरी आलो, किल्ली घेतली आणि महिन्याभरात जीप विकून टाकली. मी केलं ते बरोबरच होतं. तरी ती जीप अंगणातून बाहेर निघाली तेव्हा मला चोरासारखं वाटलं. त्या संध्याकाळपासून माझं नाव 'त्याले' पडलं.

अशा घरात माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो. मी रिमोटच्या गाड्यांचा धरला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, गावानं हसून झालेलंच आहे. चिखलीत आम्ही सात-आठ जण आहोत, एक मेडिकलवाला, एक हेडमास्तर, एक ठिबक सिंचनाचा डीलर, सगळे चाळिशीच्या पुढचे. रविवारी मंगल कार्यालयात लग्न नसलं, की तिथल्या गुळगुळीत फरशीवर ठिबकच्या नळ्या वळवून रस्ता आखतो आणि शर्यती लावतो. गाडी पंज्याएवढी. खाली चेसी, म्हणजे मोटर, बॅटरी आणि चार चाकं. वर पातळ प्लास्टिकची बॉडी, हवी ती चढवावी. बॉडीशिवाय शर्यतीत घेत नाहीत, आणि पळताना बॉडी निखळली तर तो फेरा धरत नाहीत. बॉडी वेगळी विकत मिळते, आणि माणूस फसतो तो तिथंच.

मी पहिली बॉडी रूपावर भाळून मागवली. लाल, लांब नाकाची, परदेशी. चेसीवर ठेवली तर मागची चाकं आपल्या जागी आणि पुढची चाकं ड्रायव्हरच्या दारातून डोकावतायत. दुसरी लांबीला बरोबर बसली, पण अंगानं बारीक. वळताना टायर कडेला घासून किरकिर करायचे. तिसरीचे आधाराचे खांब असे उंच, की ती चेसीवर छत्रीसारखी अधांतरी राहिली. प्रत्येक वेळी मी फूटपट्टीनं नीट मोजूनच मागवलं होतं, हे विशेष.

तिसरं पाकीट फोडून मी ओसरीवर बसून शिव्या घालत होतो. वडील खाटेवर होते. त्यांनी आईकडे हात पुढे केला. आईनं माझ्यासमोरची चेसी उचलून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. अंगठ्यानं आणि बोटांनी चाचपत राहिले, पुढून मागून, चाकांच्या आतून बाहेरून. मला वाटलं, जुन्या माणसाची ऐट आहे.

"अवं, त्याले विचार, मोजलं कुठून कुठवर?"

"बंपरपासून बंपरपर्यंत," मी आईला सांगितलं. आता मीही तिच्याच मार्फत बोलायला लागलो होतो.

"सांग त्याले, बंपर गयून पडला तरी गाडी चालते. एक्सलपासून एक्सलपर्यंत मोज म्हणा. आन् रुंदी मोजाची त चाकाच्या बाहेरून बाहेर. ड्रायव्हरचं पोरगं हाये म्हणे!"

मी भयंकर चिडलो. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच चिडलो.

चौथी बॉडी त्यांनीच ठरवली. "त्याले विचार, जीप भेटते का." जीप मिळाली, पारदर्शक, रंग आपण द्यायचा अशी. पण एक्सलच्या हिशेबानं अर्धं सूत आखूड. मी परत पाठवायला निघालो. वडील म्हणाले, "गाडीत जागा नसते, जागा करा लागते." हे वाक्य ते सव्वीस वर्षं सोळाव्या पॅसेंजरला ऐकवत आले होते. मग आईच्या कात्रीनं आणि पॉलिश पेपरनं मी चाकांवरची कमान कोरायला बसलो. दर दोन मिनिटांनी ते बॉडी हातात घेऊन बोट फिरवत आणि सांगत, "अजून. त्याले सांग, अजून." मधेच आई शेजारी विरजण आणायला गेली. त्यांनी कमानीवरून बोट फिरवलं, समाधानानं मान हलवली आणि समोरच्या भिंतीला सांगितलं, "त्याले सांग, बस."

अशा बॉडीला रंग आतून द्यायचा असतो, म्हणजे बाहेरून कितीही घासलं तरी उडत नाही. वडिलांना ही युक्ती फार पटली. खालून काळा, वरून पिवळाधमक. पिवळा अजून भडक पाहिजे म्हणून त्यांनी मला तीनदा हात मारायला लावला. वर सायकलच्या तारांचं कॅरियर बसवलं. कॅरियर रिकामं कसं ठेवायचं, म्हणून त्यावर लसणाचे दोन गड्डे बांधायला सांगितले. कांद्याची पोती म्हणून. ओसरीवर पहिल्याच वळणाला गाडी माल-सामानासकट उलटली. वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच्या हातानं लसूण सोडला आणि आईच्या टोपलीत नेऊन टाकला.

पुढच्या रविवारी आईनं त्यांना बळंच माझ्या मोटारसायकलवर बसवलं. "दिवसभर भिंत पाहून राह्यले, तिकडं जाऊन माणसं तरी पाहा." कार्यालयात आमच्या काळीपिवळीचं असं स्वागत झालं, की लाल, लांब नाकाच्या गाड्या लाजल्या. मेडिकलवाल्यानं माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि वडिलांच्या हातात दिला. "काका, तुमची गाडी, तुम्हीच चालवा. यानं काय दिवे लावले आजवर!"

मला खरं तर 'नको' म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर यांची गाडी भिंतीवर आपटली तर घरी गेल्यावर ते आईशीही बोलायचे नाहीत, याची मला धास्ती होती.

आमच्याकडे ज्याची पाळी नसते त्यानं वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या असतात. मी शेवटच्या वळणावर जाऊन उभा राहिलो, वडिलांपासून सात-आठ पावलांवर. शर्यत सुटली. पहिल्या फेऱ्यात ते सगळ्यांत मागे होते. मग मला दिसलं, की ते कुणाशी शर्यत लावतच नाहीयेत. बेताच्या वेगानं, वळणाआधी हळू करत, ते सरळ उंद्रीला निघाले होते. बाकीचे वेगाच्या नादात नळ्यांवर चढत होते, उलटत होते, बॉड्या सोडून पळत होते. हेडमास्तरांची चेसी तर नागडीच दोन फेरे फिरली. शेवटच्या फेऱ्याला आमच्या जीपचं पिवळं टप सगळ्यांच्या पुढे होतं, आणि एकदाही कुठे टेकलेलं नव्हतं.

मला राहवलं नाही. ते वळणावर आले तसा मी आनंदानं हात वर केला.

गाडी माझ्यासमोर येऊन थांबली.

"काका, चला! चला!" सगळे ओरडले. गाडी जागची हलेना. बाई-माणूस पिशवी सांभाळत चढून नीट बसेल एवढा वेळ ती उभी राहिली आणि मग हलक्या हातानं निघाली. तोवर सगळे पुढे गेले होते. आमची काळीपिवळी शेवटून पहिली आली. मंगल कार्यालय हसून हसून लोळायचं बाकी होतं.

"काका, काऊन थांबले बे-टायमाचे?" डीलरनं विचारलं.

"कोणीतरी हात दाखवला ना," वडील ताठ मानेनं म्हणाले. "हात दाखवलेलं माणूस रस्त्यावर सोडून गाडी पुढं नेली नाही आपण कधी."

टाळ्या पडल्या. मेडिकलवाल्यानं चहा सांगितला. मीही हसत होतो. फक्त ते 'कोणीतरी' मला मधेच टोचलं.

परतताना चिखली सोडून घराकडे, अमडापूरच्या रस्त्याला लागल्यावर वडील मागून माझ्या कानाशी वाकले. "हात कोणाचा होता रे तो?"

सात महिन्यांत ते पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले होते. डीलरचा म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं. माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "माझाच होता, बाबा."

एक एसटी समोरून येऊन गेली.

"पिवळं टप दिसत होतं मले," ते म्हणाले. "हातही दिसला. तू हायेस हे नाही वळखू आलं." आणि मग, माझ्या खांद्यावर हात ठेवून, "बरं केलं तू, गाडी घेतली ते."

समोरचा रस्ता धूसर झाला. मी डोळे पुसायला हँडलवरचा एक हात काढला, तसे ते कानाशी खेकसले, "हात ठेव बे हँडलवर! पुढं खड्डा हाये, डाव्या अंगानं घे."

मी डाव्या अंगानं घेतली. खड्डा होता.