आक्काचा बैल आफ्रिकेला गेला

माझे मामा बंदुकीचा चाप ओढताना दोन्ही डोळे मिटायचे. साऱ्या निपाणीला हे ठाऊक होतं. एकट्या मामांना नव्हतं, कारण नेमक्या त्या क्षणी त्यांचे डोळे मिटलेले असत.

तरीही त्यांनी काही ससे मारले होते आणि एक काळवीट. सशांचं सोडा, ते कुणाच्याही नशिबात येतात. काळवीट मात्र रीतसर मारलं होतं, आमच्याकडच्या माळावर मारतात तसं, बैलाच्या आडून. हरणं माणसाला बघून पळतात, चरणाऱ्या बैलाला बघून पळत नाहीत. म्हणून शिकारी बैलाच्या कुशीला चिकटून, वाकून, त्याच्याबरोबर पाऊल टाकत कळपाजवळ जातो आणि तिथून बार काढतो. याला बैल असा लागतो, की कानाशी बंदूक वाजली तरी त्याचं शेपूट हलू नये. असा बैल आमच्या भागात एकच होता, आणि तो आक्काचा होता.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझी मावशी. तिचं गाव चिकोडीच्या अलीकडे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि गोठ्यात तो पांढरा खिलारी बैल, एवढाच संसार. गाय विताना मेली म्हणून वासराला तिनं बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. ती नुसता हात पुढं करायची आणि बैल असेल तिथून तिच्याकडं चालत यायचा.

आता आफ्रिकेकडं वळतो. मामा तंबाखूचे व्यापारी. एकदा त्यांच्या वखारीत मोंबासाला दुकान असलेला एक कच्छी शेठ माल बघायला आला आणि चहा पिता पिता तिथल्या माळाचं वर्णन करून गेला. नजर थकेल एवढा माळ. त्यावर पट्ट्यापट्ट्यांची घोडी, दाढीवाले गवे आणि पीळदार शिंगांची हरणं, सगळी एकत्र चरताहेत. शेठची गाडी नाक्यापलीकडं गेली नसेल, तोवर मामांनी गादीवर थाप मारून जाहीर केलं, "माळावरची शिकार म्हंजे आपलीच की! जायाचं!"

मी तेव्हा बेळगावात एका वकिलाकडे कारकुनी करत होतो. इंग्रजी येतं म्हणून या मोहिमेचा दिवाण मला नेमलं. आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत गोड नोकरी. रविवारी निपाणीला जायचं, बेळगावच्या कँपातल्या एका साहेबाच्या बटलरकडून आणलेलं शिकारीचं जुनं इंग्रजी पुस्तक उघडायचं आणि मामांना मराठीत वाचून दाखवायचं. पुस्तकात होतं ते तर वाचायचोच, नव्हतं तेही वाचायचो. शिकाऱ्याच्या मिश्या भरघोस असल्या तर सिंह वाट सोडतो, हे मी वाचलं, तेव्हा मामांनी दोन्ही मिश्यांना आळीपाळीनं पीळ दिला आणि त्या दिवसापासून रोज तूप लावायला लागले. कँपातल्या शिंप्याकडून त्यांना खाकी कोट शिवून दिला, त्याला इतके खिसे ठेवले की एकदा ठेवलेली तपकिरीची डबी परत सापडली नाही. नकाशावर त्यांनी निपाणीवर करंगळी ठेवली, मोंबासावर अंगठा टेकवला आणि म्हणाले, "हात्तिच्या! येवढंच व्हय?"

सारं सुरळीत चाललं होतं. दोनच गोष्टी आडव्या आल्या. एक मामी, दुसरी बैल.

समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावणारी माणसं तोवर कमी होत चालली होती. मामी त्या शेवटच्या काहींतल्या. "परत आल्यावर प्रायश्चित्त घेतलं तरच उंबऱ्याच्या आत घीन," त्या म्हणाल्या. मामा पडले व्यापारी. तंबाखू रानात उभी असतानाच इसार देऊन बांधून ठेवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी भटजींना बोलावलं आणि विचारलं, "उभ्या पिकाला इसार चालतो, तर व्हायच्या पापाला का चालू न्हाय? मी आधीच घेतो."

भटजींनी बराच वेळ छताकडं बघितलं. असा यजमान त्यांना आधी भेटला नव्हता. शेवटी म्हणाले, "शास्त्रात आगाऊ घेऊ नये असं कुठं म्हटलेलं नाही."

पंचगव्य आलं, होम झाला, जेवणावळ उठली. आणि क्षौरात मिश्या गेल्या! हे कुणीच आधी लक्षात घेतलं नव्हतं. मामा आरशासमोर बसले होते आणि त्यांच्या नाकाखालची ती कोवळी, पांढरट जागा साऱ्या घरासमोर उघडी पडली होती. मामी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मामा, आता सिंहाचं काय करायचं?" मामा म्हणाले, "बोट लागंस्तोवर वाढत्यात." पण त्या दिवसापासून ते उपरण्यानं तोंड झाकूनच वखारीत बसायचे. हमाल मुद्दाम समोरून जाऊन "रामराम मालक" म्हणायचे, म्हणजे मालकांना उपरणं काढून उत्तर द्यावं लागेल.

राहिला बैल. कच्छी शेठ म्हणाला होता, तिथले साहेब मोटारीतून शिकार करतात. मामांना ते पटलं नाही. "हरणं ती हरणं. तिथली काय इंग्रजी शिकल्यात? बैलाच्या आडनंच मारायची." मग मोंबासाच्या बोटीवर बैलाला जागा मिळेल का, याची चौकशी माझ्याकडं आली. मी ती आनंदानं केली. उत्तर आलं, की जनावरांना खालच्या डेकवर जागा असते. मला वाटलं होतं, बोटीचे लोक हसतील. कुणीच अडवत नव्हतं!

आम्ही छकडा घेऊन आक्काकडं गेलो. ती गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिली ती हललीच नाही.

"आफ्रिकेत बैल न्हाईत व्हय रं?" तिनं विचारलं.

"हाईत. पर त्येंच्यावर माझा भरवसा न्हाय. ह्यो कसा, बार वाजला तरी ढिम्म!"

"आप्पा, त्यो बहिरा हाय."

मामा हसले.

"हसू नगंस. जल्मापास्नं बहिरा हाय. त्येला ऐकूच येत न्हाय, मग दचकंल कशाला? माझा हात बघून वळतो, हात बघून थांबतो. तुझं त्यो काय ऐकणार?"

मामा माझ्याकडं वळून डोळा मारत म्हणाले, "बघितलंस? बाजारात लोक विकाया आणलं की जनावराची खोड लपवत्यात. ही आमची आक्का द्यायचं न्हाय म्हणून खोड सांगतीया!" आणि त्यांनी दावं सोडलंसुद्धा.

आक्का नाही म्हणाली नाही. मामा हेच तिचं माहेर होतं, आणि माहेराला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "बेंदराला मला बैल दारात पायजे. त्येला पोळी चारल्याबिगार म्या आजवर त्या दिशी घास खाल्ला न्हाय."

"आणतो की! आफ्रिका बघून आलेला बैल म्हणून सारी चिकोडी बघाया येईल!"

निपाणीला बैल नीट खाईना. मामा म्हणाले, प्रवासाआधी असं होतंच. बोट सुटायच्या आधी एकदा रंगीत तालीम करावी, असं मी सुचवलं. मामांना ती कल्पना इतकी आवडली, की त्यांनी ती आपलीच म्हणून सगळीकडं सांगितली. जागा ठरली आक्काच्या गावाबाहेरचा माळ, कारण तो सर्वांत जास्त आफ्रिकेसारखा दिसतो, असं आफ्रिका न बघितलेल्या आम्हा सगळ्यांचं मत पडलं.

गोणपाटात तंबाखूच्या काड्या भरून आम्ही पट्ट्यांची घोडी केली. अंगावर डांबराचे आणि चुन्याचे पट्टे ओढले. एकाचे कान जरा लांब झाले, त्यामुळं ते गाढव दिसत होतं, पण लांबून चालून गेलं असतं. निपाणीहून दोन छकडे भरून माणसं आली. भटजी जेवणाच्या वासानं आले. शेंगा भाजल्या गेल्या. आणि मामा आले. डोक्यावर सोलाटोपी, अंगात खिशांचा कोट, नाकाखाली चार दिवसांच्या दाढीएवढे मिश्यांचे खुंट. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मालक, सिंव्हाकडं पाठ करूनच उभं ऱ्हावा!"

आक्काही आली होती. गर्दीत नव्हे. ती त्या गोणपाटाच्या घोड्यांच्या पलीकडं बांधावर एकटीच उभी होती. बैल जेवत नाही हे तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून ओच्यात गूळ घेऊन आली होती. माझं तिच्याकडं लक्ष गेलं. बाकीच्यांचंही गेलं असणार. पण खेळ सुरू झाला होता.

मामा बैलाच्या कुशीला चिकटून निघाले. वाकले, थांबले, पुन्हा निघाले. खरं सांगतो, सुंदर दिसत होतं ते. मग बंदूक रोखायला ते गुडघ्यावर बसले आणि बैलाला म्हणाले, "थांब."

बैलानं तेवढ्यात बांधावर बघितलं. आक्काला तो दिसला होता, आणि आता त्याला आक्का दिसली. तो तिच्याकडं चालायला लागला, सरळ, बंदुकीच्या समोरून.

"थांब!" मामा ओरडले. मग कानडीत ओरडले, "निल्लु!" मग कोटाला शोभेल असं, "स्टॉप!" आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडलो. तिकडं आक्का दोन्ही हात उंचावून बैलाला मागं फिर म्हणून खुणावत होती. पण मला वाटतं, त्याला फक्त हात दिसले, आणि हात दिसले की जायचं एवढंच त्याला माहीत होतं. त्याचं पाऊल आणखी झपझप पडायला लागलं.

मामांचं बोट चापावर होतं. डोळे कधीच मिटले होते; बैल जवळून सरकला, एवढंच त्यांना कळलं होतं.

बार झाला. धूर गेला. मामांनी डोळे उघडण्याआधीच विचारलं, "लागली का?"

"लागली, मामा," मी म्हणालो.

"कुठल्याला?"

"पांढऱ्याला."

"पट्ट्यात! बघा, पट्ट्यात लागली!" असं म्हणत ते उठले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

बैल लगेच पडला नव्हता. तो तसाच चालत बांधापर्यंत गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तोंड आक्काच्या ओच्यात घातलं. गूळ खाल्ला की नाही, ते लांबून कळलं नाही.

गोहत्या हा शब्द सगळ्यांच्या ओठांवर होता, पण काढायचा कुणी? शेवटी मामाच भटजींकडं वळले. चेहरा उतरला होता. भटजींनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि आकाशाकडं बघितलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "तुमचं आगाऊ घेतलेलं शिल्लक आहे. समुद्र अजून ओलांडलेला नाही. ते इकडं वळतं करून घेऊ."

"चालंल?"

"न चालायला काय झालं? घेतलेलं प्रायश्चित्त वाया जात नाही."

"आणि आफ्रिका?"

"तिला नवं लागेल. पुन्हा सगळं."

मामांचा हात आपोआप नाकाखाली गेला. त्यांनी ते खुंट चाचपले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आफ्रिका काय, तिथंच ऱ्हाती की."

आम्ही हसलो. बैल पुढं पडलेला आणि आम्ही हसलो. भटजी हसले, छकडेवाले हसले आणि सुटका झाली म्हणून मामाही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. आजही ती ओळ आठवली की मला हसू येतं, ते मी लपवत नाही.

आक्का बांधावरून हे सगळं बघत होती. ती उठून आमच्याकडं आली. तिच्या लुगड्याला रक्त लागलं होतं. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आफ्रिकेला न्हेतो म्हणालतास न्हवं? मग त्यो गेला आफ्रिकेला. बेंदराला आण."

महिन्याभरात मामांनी तिच्या दारात निपाणीच्या बाजारातली उत्तम खोंडांची जोडी पाठवली. जोडी त्याच माणसाबरोबर परत आली. निरोप होता, "ह्यो न्हवं."

आणि बेंदूर आला. आमच्याकडं त्या दिवशी बैल धुतात, शिंगं रंगवतात, गोंडे बांधतात आणि पुरणपोळी चारतात. मामांच्या दारात वखारीचे बैल उभे होते, बघायला अर्धी गल्ली जमली होती. तेवढ्यात आक्का आली. चिकोडीकडून पावसात चालत आली होती. हातातल्या ताटात शिंगं रंगवायचा हिंगूळ, गोंडे आणि पोळी. दारात उभी राहून तिनं हाक दिली, "आप्पा! माझा बैल आला काय रं आफ्रिकेहून?"

मामा बाहेर आले.

"न्हाई आक्का."

"मग पोळी कुणाला चारू? म्या सकाळधरनं उपाशी हाय." तिनं पोळीचा तुकडा मोडला आणि हात पुढं केला. "तू खा."

सगळी गल्ली बघत होती. मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि तोंड उघडलं. आक्कानं सगळी पोळी एकेक तुकडा करून चारली, प्रत्येक तुकड्याला मानेवरून हात फिरवला, शेवटी त्यांच्या टोपीला एक गोंडा बांधला आणि पाणीही न पिता निघून गेली.

ती पुढच्या बेंदराला आली. त्याच्या पुढच्याही. मामींनी दार लावून बघितलं, तर ती दाराबाहेर बसून राहिली, उपाशी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की भाऊ बैल घेऊन आफ्रिकेला गेलाय. दार उघडावं लागलं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर मामा म्हणाले, "आता बोटी बंद हाईत आक्का," तेव्हा ती म्हणाली, "चालत ईल त्यो. त्येला चालाय येतंय." आम्ही मंडळी बेंदराला आवर्जून निपाणीला जायचो. असा तमाशा फुकट कुठं मिळतो!

शेवटी शेवटी एका वर्षी मी ओट्यावर बसलो होतो. मामांना ऐकू येईनासं झालं होतं. हमाल आता "रामराम" म्हणत नसत, कारण उत्तर मिळायचं नाही. आक्का आली. तीही वाकली होती. तिनं दारातून हाक मारली. मामांनी मान वर केली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग तिला काहीतरी उमगलं असावं.

बैल आला काय, हे तिनं या वेळी विचारलंच नाही. ताट खाली ठेवलं आणि नुसता हात पुढं केला.

मामांना हात दिसला. ते उठले आणि तिच्याकडं चालत गेले.