पांढरा डोळा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची. कुत्र्यांची चित्रं काढायला लागल्यापासून तो तिथून खाली उतरलेलाच नाही. लोक मोबाइलवर फोटो पाठवतात, तो अंधारात काढलेला, हललेला, निम्मं शेपूट बाहेर गेलेलं, आणि वर फर्माईश करतात. पट्टा काढून टाका, तोंडावरचे पिकलेले केस काळे करा, जरा हसरा दाखवा. अहो, कुत्रा आहे तो, लग्नाला उभा राहिलेला मुलगा नाही! मी सरळ सांगते, फोटोत असेल तेच कागदावर येईल, एक केस इकडचा तिकडे होणार नाही. हे वाक्य मला फार आवडायचं आणि गिऱ्हाइकांना ऐकवताना मान आपोआप ताठ व्हायची.

माझी पद्धतही तशीच काटेकोर. फोटो मोठा करून घ्यायचा, चौकोन आखायचे आणि फोटो नि कागद दोन्ही उलटे करून, म्हणजे डोकं खाली पाय वर, काढायला बसायचं. समोर कुत्रा दिसला की हात आपल्या मनातला कुत्रा काढतो. उलटा धरला की फक्त काळं, करडं आणि पांढरं दिसतं, आणि तेवढंच उतरवायचं असतं. मिशा आधी सुकलेल्या बॉलपेननं कागद दाबून कोरून घ्यायच्या. वरून शिसपेन्सिल फिरवली की त्या पांढऱ्या राहतात. एका चेहऱ्याला तीन आठवडे लागतात. तीन आठवडे मी त्या कुत्र्याकडे कुत्रा म्हणून बघतच नाही, याचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच शहरातल्या हजीरा भागातून एका गृहस्थांचा फोन आला. मराठीच घर, पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले, आता ते स्वतः बँकेत. त्यांच्या आईचा कुत्रा वारला होता. फूलबागेच्या कुंपणापाशी सापडलेलं गावठी पिल्लू, अकरा वर्षं घरात होतं. एका डोळ्यावर पांढरा पडदा, एक कान उभा आणि एक पडलेला. फोटो एकच धड होता, तो त्यांच्या मुलीनं पाठवला: कॉलेजात जाणारी ती स्वतः आणि गालाला गाल लावून कुत्रा. मी मुलीला कापून कुत्रा तेवढा ठेवला आणि कामाला लागले.

चित्र फार चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. तो पांढरा डोळा तर असा उतरला की नई सडकेवरचा फ्रेमवाला काच बसवायची सोडून बघत राहिला. मी स्वतः चित्र घेऊन हजीऱ्याला गेले. काकूंनी, म्हणजे गृहस्थांच्या आईनं, पदरानं काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हा आमचा नव्हे गं."

मला वाटलं, गहिवरल्या असतील. पण त्यांनी पांढऱ्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हा चांगला डोळा होता त्याचा. बिघडलेला तो दुसरा. रोज समोर बसवून थेंब घालत होते मी. आणि कानही तिकडचा पडलेला."

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे मान मोडून काम करायचं आणि हे ऐकायचं? मुलानं लगेच मोबाइल पुढे केला. "आई, बघ ना ठीक से. फोटोतपण हाच डोळा आहे." सूनबाई म्हणाल्या, हाच होता. नातही म्हणाली, हाच. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या घरात तेवढी एक मीच परकी, तिऱ्हाईत, म्हणून बघितलं असणार. आणि मी फोटो चित्राशेजारी धरून, मान ताठ करून, माझं लाडकं वाक्य म्हटलं: "काकू, एक केस इकडचा तिकडे नाही."

त्यांनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

निघताना गृहस्थ फाटकापर्यंत आले. "ताई, मनाला लावून घेऊ नका. आईला आता काही याद राहत नाही. परवा दूध गॅसवर ठेवून विसरली. आम्हाला शक होताच, आज तर पक्कं झालं. अकरा वर्षं भरवलेला कुत्रा ओळखत नाही, आता हिला गॅसजवळ कसं जाऊ द्यायचं, सांगा." मी काय सांगितलं? "हो, वय होतं," म्हटलं. अपमान झाला होता ना माझा! त्यांची आई भ्रमिष्ट आहे हे ऐकून मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

महिना सव्वा महिना गेला. एका दुपारी माझ्या जुन्या कामांचे फोटो लावत होते, तेव्हा तो मूळ फोटो पुन्हा उघडला, आणि पहिल्यांदाच सुलटा, पूर्ण आणि नीट बघितला. नातीच्या टी-शर्टवर छातीभर इंग्रजी अक्षरं होती. ती वाचता येईनात, कारण सगळी उलटी होती, आरशात दिसतात तशी.

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. एक केस इकडचा तिकडे झाला नव्हता, सबंध कुत्राच इकडचा तिकडे झाला होता.

आधी मी फोनला शिव्या दिल्या. मग त्या नातीला. मग त्या घराला, कारण चार माणसं आणि एक कुत्रा अकरा वर्षं एका छपराखाली राहतात आणि त्याचा कुठला डोळा गेलाय हे एकीलाच ठाऊक, बाकीचे फोन बघून सांगतात! शिव्या संपल्यावर उरले मी. डोळे पेन्सिलीएवढे टोकदार असल्याचा तोरा मिरवणारी. मी तशीच ई-रिक्षा पकडून हजीऱ्याला गेले.

रविवार होता, सगळे घरी होते. चित्र काकूंच्या खाटेसमोर लावलेलं, त्याला हार. मी चप्पल काढायच्या आत त्या म्हणाल्या, "हाच गं तो. माझंच चुकत होतं. आताशा होतं तसं." पाठ केल्यासारखं बोलल्या. मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि गॅसच्या शेगडीची बटणं काढून टाकलेली दिसत होती. नुसत्या लोखंडी काड्या बाहेर आलेल्या.

"नाही चुकलं!" मी ओरडलेच. "माझं चुकलं. फोटो उलटा होता."

गृहस्थ म्हणाले, "असं कसं?" मी मोबाइल त्यांच्या हातात कोंबला, वाचा म्हटलं मुलीच्या अंगावरची अक्षरं. ते वाचायला गेले आणि थांबले. नात मान वर न करता म्हणाली, "हां, सेल्फीत उलटंच येतं ना. ये तो सबको पता है." तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. सबको पता होतं, आणि त्या दिवशी आजीसमोर ती "हाच" म्हणाली होती.

मी हार काढला, चित्र उतरवलं आणि कपाटाच्या आरशासमोर धरलं. "काकू, इथे बघा. आरशात."

त्या उठून आल्या. आरशात पांढरा डोळा त्या म्हणत होत्या त्या बाजूला आला, पडलेला कानही. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि दोन बोटांनी त्यांनी हवेतच पापणी उघडल्यासारखं केलं, थेंब घालताना करतात तसं. मग चेहरा असा वाकडातिकडा झाला की मीच मान फिरवली.

गृहस्थांनी आपल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यात शेगडीची दोन बटणं होती. "दूध तर विसरली होती ना," एवढं पुटपुटले. मी म्हटलं, "दूध माझंही उतू जातं. माझी बटणं कोणी काढली नाहीत."

काकूंनी पिशवी उचलली, स्वयंपाकघरात गेल्या आणि बटणं एकेक करून बसवली. कोणी अडवलं नाही. पातेल्यात चहाचं पाणी घातलं, गॅस पेटवला. मी दाराशी जाऊन सांगितलं, नवीन चित्र काढून देते, तुम्ही शेजारी बसा, तुम्ही सांगाल तसं काढते.

"काढ," त्या म्हणाल्या. पाठ माझ्याकडेच होती. "माझं डोकं ठिकाणावर आहे हे तुला आज फोटोनं सांगितलं. त्या दिवशी मी सांगत होतेच की."

मग त्यांनी साखरेचा डबा काढला आणि किती घालू विचारलं.