हात लावण्याआधी झगा

बापाच्या कपाळावर हात ठेवण्याआधी तुम्हाला कधी झगा चढवावा लागला आहे का? मला लागला.

बाबांच्या पायाच्या जखमेत औषधांना दाद न देणारे जंतू निघाले. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. दारावर पाटी होती: आत जाताना गाऊन आणि हातमोजे घाला. आमच्या गावाहून, अड्याळहून, नातेवाईक यायचे, पाटी वाचायचे, केळी माझ्या हातात द्यायचे आणि निघून जायचे. घरी आम्ही दोघंच होतो. इथे तर मी बाकावर, ते भिंतीआड.

पहिल्यांदा मी तो पिवळा झगा घालून डबा घेऊन आत गेले, तर बाबांनी तोंड फिरवलं.

"बाई, तू बी? माह्या आज्याले लोक वरून पाणी वाढत. तवा विटाळ म्हणत, आता जंतू म्हणतेत."

शिवाशिवीविरुद्धच्या ज्या पत्रकांवर मी लहानपणी अक्षरं गिरवली, ती बाबांनीच सायकलवर गावोगाव वाटली होती. त्यातलं एकही वाक्य मला त्यांच्याविरुद्ध वापरता येईना. ते जेवले नाहीत.

दुपारी सिस्टर आली. झगा न घालताच दारात उभी राहून म्हणाली, "काय बाबा, पोरीचा राग भातावर काढून राहिले काय?" मग तिने झगा, हातमोजे चढवले, आत जाऊन जखम धुतली. निघताना दाराजवळच सगळं उतरवून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हात धुतले.

बाबा बघत होते. "बोलाले नाही लागला तुले झगा."

"दारातून बोलाले कायले लागते? हात लावाले लागते. तुमच्या जखमेतलं माह्या कपड्यावर आलं, तं बाजूच्या ऑपरेशनवाल्या म्हाताऱ्याले जाईल. तो तं तुमच्यासारखा भांडू बी नाही शकत."



"आमच्या आज्याले हात लावासाठी कोणी काही घातलं नाही. हातच नाही लावला," बाबा म्हणाले. मग मला हाक मारली. "घाल तो झगा. पाय चेपून दे. चांगला पाय."

बाबा घरी परतले नाहीत. शेवटपर्यंत त्या खोलीत माझ्याशिवाय त्यांचं कोणी आलं नाही. बाहेर केळी मात्र साचत गेली.

तुमचं माणूस अशा खोलीत असेल, तर दारातून परतू नका. सिस्टरला विचारून झगा घाला, आत जा, त्याचा हात धरा. निघताना झगा तिथेच उतरवा आणि हात धुवा.